बेड्यावरची हाक

१

माझी स्मरणशक्ती तशी वाईट नाही. मूलद्रव्यांची सारणी मी झोपेतही म्हणून दाखवीन. पण घरातली कामं मला नेहमी चुकीच्या जागी आठवतात. दूध संपलंय हे दहावीच्या वर्गात भिंगं शिकवताना आठवतं, आणि डेअरीसमोरून जाते तेव्हा डोक्यात चाचणीचे पेपर असतात. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई ती मीच. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," असं आई म्हणते. तिला स्वतःला दिसत नसताना म्हणते, म्हणून जास्तच लागतं.

आईचं नाव अनुसूया. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले आहेत. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढं कळतं. काशीद आणि मुरुडच्या मधे नांदगावला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, तिथे आम्ही दोघीच राहतो. मी मुरुडच्या शाळेत विज्ञान शिकवते, एसटीने जाते-येते. धाकटा भाऊ देवदत्त न्हावा शेव्याला बंदरात नोकरीला आहे आणि पनवेलला राहतो. तो दर फोनमध्ये "आईला इकडे घेऊन ये" म्हणतो आणि आई दर वेळी "मेल्यावर ने" म्हणते.

आईच्या डोळ्यांत रोज औषध घालावं लागतं. बाटली संपत आली की मुरुडहून मी आणायची. एकदा विसरले, मग पुन्हा विसरले. अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खंड पडला तर उरलेला उजेडही जाईल. त्या दिवशी येताना मला रडू आलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर असं ॲप शोधायला बसले जे वेळेवर नव्हे, जागेवर आठवण करून देईल. औषधाच्या दुकानापाशी पोचले की बोलेल, घरी पोचले की बोलेल.

२

पहिलं ॲप फार उत्साही निघालं. एसटी मुरुडच्या स्टँडमधून हलते न हलते तोच "तुम्ही घरी पोचलात" म्हणायचं. दुसऱ्याने दुपारपर्यंत बॅटरी खाऊन टाकली, शिवाय त्यात बोलणारी गोरी बाई नांदगाव असं काही म्हणायची की एसटीतली माणसं वळून बघायची. मग शाळेत संगणक शिकवणाऱ्या प्रज्योतला विचारलं.

"मॅडम, हे घ्या," तो म्हणाला. "जागोजागी नाव आहे. साधं ॲप आहे, पण भारी आहे. यात तुमचाच आवाज रेकॉर्ड करता येतो. जागा आली की तुमच्याच आवाजात बोलणार. फक्त लोकेशन ऑलवेज अलाऊ करा. नायतर ते झोपतं."

मी 'नेहमी परवानगी द्या' वर बोट ठेवलं. नकाशावर खुणा केल्या: औषधाचं दुकान, डेअरी, शाळा, आणि आमच्या वाडीचं बेडं.

बेडं म्हणजे वाडीच्या तोंडाशी आडवे सरकवायचे बांबू, आमचं फाटकच. आमच्याकडे बेड्याशी आलेल्या माणसाने आधी हाक द्यायची असते. कारण साधं आहे. वर माडावर पाडेली नारळ पाडत असला, तर हाक ऐकून तो हात थांबवतो. मग घरातून कोणीतरी "ये" म्हणायचं, आणि त्यानंतरच आत पाऊल टाकायचं. वाडीत कोणी पाडत नसलं तरी हा रिवाज मोडत नाहीत. आई तर फारच कडक. हाक न देता आत येतो तो चोर, नाहीतर साप, असं ती म्हणते. दिसेनासं झाल्यापासून ती सगळी माणसं हाकेवरच ओळखायची.

आणि मी नेमकी हाक द्यायची विसरायचे. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसलेला, डोकं भलतीकडे. अशीच एकदा सरळ ओटीवर चढले आणि आई दचकून झोपाळ्यावरून पडली. म्हणून मी बेड्याच्या खुणेसाठी स्टाफरूममध्ये बसून रेकॉर्ड केलं, "आई, मी गं!" रेकॉर्डिंगच्या शेवटी शाळेची घंटाही बारीक ऐकू आली, पण पुन्हा कोण करत बसणार?

खरं तर ही मला आठवण व्हायची होती. फोनने बोलायचं आणि मग मी हाक द्यायची. पण पहिल्याच दिवशी फोन पर्समधून एवढ्या खणखणीत आवाजात "आई, मी गं!" म्हणाला की आतून आईने लगेच "ये" म्हटलं. मग मी कशाला घसा ताणू? दुसऱ्या दिवसापासून आमची हाक फोनच द्यायला लागला. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

३

दिवाळीनंतरचे दिवस होते. एका संध्याकाळी मी बेड्याशी आले आणि फोन बोललाच नाही. रेंज गेली असेल म्हणून मीच हाक दिली. आतून काही उत्तर आलं नाही. तरी आत गेले. आई झोपाळ्यावर बसून वाल सोलत होती.

"ये का नाही म्हणालीस?"

"एकदा म्हटलं की," आई म्हणाली. "परत कुठे गेली होतीस?"

"परत? मी आत्ता येतेय शाळेतून."

"दुपारी हाक दिलीस ना? मी ये म्हटलं. मग माजघरात काहीतरी करत होतीस. मी म्हटलं, आज लवकर सुटली शाळा."

आईला दुपारी डुलकी लागते. स्वप्नात हाक ऐकली असेल, असं मी धरून चालले. ॲप उघडलं तर बेड्यापुढे दुपारीच 'पोचलात' अशी हिरवी खूण आलेली. तेव्हा मी शाळेत प्रयोगशाळेची कपाटं लावत होते. झाडी दाट असली की जागा चुकते, हे मलाही माहीत आहे. पण जागा चुकली तरी फोन माझ्याच पर्समध्ये होता. मग हाक वाडीत ऐकू कशी येईल?

याचंही उत्तर मी शोधून काढलं. माझा जुना फोन घरात होता आणि त्यात खातं माझंच होतं. दोन फोन, एकच खातं, तोच बोलला असणार. मला इतकं हायसं वाटलं की मी आईला पुरणपोळी करून वाढली. जेवण झाल्यावर खणातून जुना फोन काढला. त्याची बॅटरी फुगून पाठ उचकटली होती. चार्जरला लावला तरी तो मेलेलाच राहिला.

४

त्यानंतर कामं आपोआप व्हायला लागली. मी संध्याकाळी औषधाची बाटली उघडली की आई तोंड फिरवायची.

"अगं झालं की दुपारी. किती वेळा घालशील?"

पहिल्यांदा मी तिच्यावर चिडले. औषध टाळायला मुलं सांगतात तसलं कारण वाटलं. पण तिच्या गालावर ओघळ पुसल्याची खूण होती आणि कापूस ओला होऊन ताटलीत पडला होता. तिची वेणीही घातलेली होती. मी सकाळी घाईत तिचा नुसता अंबाडा बांधते.

"कमळ आली होती का?" मी विचारलं. कमळ शेजारच्या वाडीतली, कधीमधी डोकावते.

"कमळ कशाला येईल? तूच होतीस. फक्त हात किती गार गं तुझे. स्वेटर घालत जा एसटीत."

नांदगावात स्वेटर घालायची थंडी पडत नाही. मी आईचा हात हातात घेतला. माझा हात गरम होता. आईने आपला हात हळूच सोडवून घेतला. ते मला लागलं. मी रोज धावतपळत सगळं करायचं आणि आईला गोड वाटायचं ते दुसऱ्याच कुणाचं, असं काहीसं मनात आलं. भीती त्याच्या नंतर आली.

मी ॲप काढून टाकलं. ते जाताना फोनने विचारलं, 'नक्की काढायचं?' मी हो म्हटलं.

५

दोन-तीन दिवसांनी बुधाजी नारळ पाडायला आला. आमच्या वाडीत वर्षानुवर्षं तोच पाडतो. मी शाळेतून आले तेव्हा ओटीखाली नारळांचा ढीग होता, पण बुधाजी बाहेर, बेड्यापलीकडे रस्त्यावर बसून विडी ओढत होता. चहासुद्धा न घेता.

"आत का नाही बसलास?"

"बरा हाय हितंच."

"झालं काय बुधाजी?"

त्याने विडी विझवली. "ताई, तुमची हाक आली म्हून म्या हात थांबवला. वरून बगतो तर खाली कोन न्हाय. आयनी ये म्हटलं. आन् बेडं सरकलं."

"वाऱ्याने सरकलं असेल."

"व्हय. वाऱ्यानंच." तो उठला, कोयता कमरेला लावला. "वाळली पातेरी वाजत गेली पार वटीपातूर. ती आत जाईस्तवर म्या उतरलो न्हाय."

"ती कोण?"

"मंग काय म्हनू?"

"हाकेच्या शेवटी घंटा ऐकू आली का रे?" मी विचारलं. "शाळेची?"

"न्हाय बा," बुधाजी म्हणाला. "घंटा कसली? हाक तेवडी. तुमचीच."

६

मुलांना मी नेहमी सांगते, निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. रविवारी मी घरीच राहिले. जेवणं झाली. आई झोपाळ्यावर आणि मी तिच्या शेजारी, दोघी सुपाऱ्या निवडत बसलो. फोन मी बंद करून आत कपाटात ठेवला होता. ऊन अगदी डोक्यावर होतं, एक पान हलत नव्हतं. असल्या वेळी काही होईल असं कुणालाच वाटणार नाही, मलाही वाटत नव्हतं.

"आई, मी गं!"

बेड्याकडून आली. माझाच आवाज. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, रेकॉर्डिंग ऐकताना मला नेहमी लाज वाटते. हा परका वाटला नाही. मी तोंड उघडलं असतं तर असाच निघाला असता. मी घंटेची वाट पाहिली. घंटा आली नाही.

आईने "ये" म्हणायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. सुपाऱ्या खाली सांडल्या. पुन्हा हाक आली.

"आई, मी गं. ये म्हण ना."

हे मी कधी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. 'ना' म्हणताना मी आवाज जरा खाली नेते, लहानपणी काही मागायचं असलं की तसा न्यायची. तो तसाच खाली गेला.

आईने दोन्ही हातांनी माझा हात तोंडावरून ओढून काढला. तिच्यात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आश्लेषा बाहेर उन्हात उभी आहे," ती म्हणाली. "तू कोण?"

"आई, मीच आश्लेषा. मी कधीची तुझ्याजवळ बसलेय."

आईने माझी बोटं चाचपली, मनगट चाचपलं, कोपरापर्यंत हात फिरवला. तिच्या कपाळावर आठी पडली. बाजारात भाजी जून लागली की पडते तशी. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. वाडीत काय आहे याची भीती नव्हती ती. आई आता काय ठरवते याची होती.

"हात गरम आहेत तुझे," ती म्हणाली, आणि बेड्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "ये गं!"

बेड्याचे बांबू सरकले. खाली पडलेल्या पानांचा वाळका पातेरा वाजायला लागला, घाई नसलेल्या माणसाच्या पावलांसारखा. मी आईला धरून आत ओढत होते आणि बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. पोफळीच्या बुंध्यांमधून माझी निळी ओढणी येत होती. सकाळी धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलेली. ओढणीच्या खाली चालणं माझं होतं, उजवा खांदा पर्सच्या सवयीने उतरलेला. ओढणीच्या वर एक बुंधा आड आला. मग बुंधा मागे पडला, तरी तिथे बुंध्यासारखंच काहीतरी राहिलं. मी दार लावून घेतलं आणि कडी घातली.

ओटीवर झोपाळ्याची कडी कुरकुरली. मग थोडा वेळ झोपाळा चालू राहिला. आई दाराला हात लावून उभी होती, रागावून, पाहुण्याचा अपमान झाल्यावर रागावते तशी.

नंतर मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर दोरीवर ओढणी होती. वाळलेली. मला तिला हात लावायचा धीर झाला नाही.

७

देवदत्तला फोन केला. खरं काय ते सांगितलं नाही. आईचा भ्रम वाढलाय, मला एकटीला झेपत नाही, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, उद्याच आण. मी शाळेत रजा कळवली आणि गावातल्या अनंताची रिक्षा रेवदंड्यापर्यंत सांगितली, तिथून पनवेलची एसटी.

आई हटून बसेल, रडेल, मेल्यावर ने म्हणेल, याची मी तयारी केली होती. पण सकाळी ती आधीच उठून बसलेली. पातळ नेसलेली, केस विंचरलेले, पिशवी भरलेली. पिशवीत औषधाची बाटली, जपमाळ, चादर, सगळं जागच्या जागी, घड्या नीट. दिसत नसताना तिने ते कसं भरलं हे मी विचारलं नाही. ती यायला तयार झाली याचाच मला इतका आनंद झाला होता. पनवेलला चौथ्या मजल्यावर घर, बेडं नाही, रिवाज नाही, दाराला बेल. तिथे तिला "ये" म्हणावंच लागणार नाही. आपण हिला वाचवलं, असं मी मनात म्हटलं.

"चला," मी म्हटलं.

मी घराला कुलूप लावलं. आईच्या कोपराला धरून वाडीतून बाहेर आणलं. बेडं परत लावलं, पिशव्या रिक्षात ठेवल्या, आईला आत बसवलं, तिच्या बाजूला मी बसले. सकाळचं कोवळं ऊन होतं, रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती, एकीने मला "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. मला फार दिवसांनी मोकळं वाटलं.

"निघू ना, मावशी?" अनंताने विचारलं.

"थांब रे जरा," आई म्हणाली. तिने वाडीकडे तोंड वळवलं. चेहऱ्यावर हसू होतं, घरचं माणूस चप्पल शोधत मागे राहिलं की असतं तसं. "घरात एकटी कशी राहील ती? मी सकाळीच विचारलं तिला. येते म्हणाली."

"आई, नको," मी म्हटलं. तिच्या तोंडाकडे हात नेला, पण अनंता बघत होता, रस्त्यावर पोरं होती. आईच्या तोंडावर चारचौघांत हात ठेवणारी मुलगी काय दिसेल, असं मला वाटलं. तेवढ्यात आईने हाक दिली.

"ये गं!"

बांबू सरकल्याचा आवाज झाला. अनंताने समोरच्या आरशात पाहिलं. मग त्याने आरसा हाताने वर फिरवला, छपराकडे, आणि दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून समोर रस्त्याकडे बघत राहिला. रिक्षा मागच्या बाजूला किंचित दबली. माझ्या आणि आईच्या मधे गारवा शिरला.

आईने माझ्या मांडीवर थोपटलं. "तू जरा पलीकडे हो गं," ती मला म्हणाली, "आश्लेषाला नीट बसू दे."

मी सरकले.